आमची ती लाईट

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत दिवसभरात सर्वांत जास्त वेळा उच्चारला जाणारा शब्द कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी देवाचं नाव सांगणार नाही आणि पुढाऱ्याचंही सांगणार नाही. तो शब्द आहे 'लाईट'. सकाळी उठल्याबरोबर 'लाईट आहे का गं?' आणि रात्री निजताना 'लाईट घालव रे', या दोन वाक्यांच्या मधल्या वेळेत आमच्याकडचा माणूस जो काय संसार करायचा तो करतो. अशा या घरच्या शब्दाला घराबाहेर काढायची मोहीम साताऱ्यात सध्या जोरात आहे. मोहिमेचे प्रमुख, सरचिटणीस आणि आजपर्यंतचे एकमेव सभासद म्हणजे आमच्या पेठेतले एक निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना आपण नुसतं सर म्हणू. पेठेतही त्यांना नुसतं सरच म्हणतात.

सर एक निवेदन घेऊन सहीसाठी दारोदार फिरताहेत. माझ्या दारी ते तीनदा आले. तिन्ही वेळा मी त्यांना चहा दिला आणि सही दिली नाही. ती का दिली नाही, ते लेखी सांगणं भाग आहे. तोंडी सांगायला गेलं की सर माझं व्याकरण दुरुस्त करतात आणि मुद्दा बाजूला राहतो.

आधी सरांचा आरोप सांगतो. एका परक्या शब्दाने मराठीची सगळी इस्टेट हडप केली, असं त्यांचं म्हणणं. उजेड, प्रकाश, दिवा, बत्ती, कंदील, चिमणी, टेंभा, पलिता, दिवटी, मशाल, हिलाल, सांजवात, लामणदिवा, झोत, तिरीप, कवडसा - एवढी भरलेली कोठी सोडून मराठी माणूस एका लाईटवर दिवस काढतो, ही त्यांना नामुष्की वाटते. निवेदनात त्यांनी पर्यायही दिलेत. दिव्याला विद्युद्दीप, बटणाला विद्युत्कळ आणि लाईट जाण्याला विद्युल्लोप. 'विद्युल्लोप झाला' हे वाक्य मी एकदा घरात म्हणून पाहिलं. धाकट्या सुनेने घाबरून विचारलं, 'कोण गेलं?'

आता माझं म्हणणं. कंदील गेला तो लाईट या शब्दाने घालवला नाही. तो रॉकेल गेलं म्हणून गेला. चिमणी गेली कारण तिच्या काजळीने पोरांची नाकं काळी व्हायची, आणि दिवटी गेली कारण ती धरून चालणारा माणूस शहाणा झाला. पण जी वस्तू राहिली तिचा शब्दही राहिलाय. समईला आजवर कुणी लाईट म्हणालेलं आहे? दिवाळीत 'अंगणात चार लाईटी लाव' म्हटलं तर माळा लागतात, पणत्या नव्हे. कौलातून पडणाऱ्या कवडशाला 'लाईटचा तुकडा' म्हणणारा मराठी माणूस मला तरी भेटायचाय. कोठी जशीच्या तशी आहे. सरांनी ती फार दिवसांत उघडलेली नाही, इतकंच.

उलट या शब्दाने आमच्यासाठी किती राबावं? वीज म्हणजे लाईट. बल्ब म्हणजे लाईट. मोटारसायकलच्या तोंडावरचा दिवा लाईट, मांडवातली रोषणाई लाईट आणि ती करणारा लाईटवाला. चहात दूध जास्त आणि पत्ती कमी पडली की चहा लाईट. लुगड्याचा रंग फिका असला की लाईट कलर. रात्री खिचडीच खायची असेल तर लाईट जेवण. कुणी अपमान केला तर 'लाईट घ्या हो, एवढं काय मनावर घेता!' आमच्या घरातलं परवाचंच एक वाक्य बघा: 'लाईट गेलीय, वायरमन म्हणतोय लाईट घ्या, तेव्हा लाईट येईपर्यंत लाईट चहा प्या आणि ते लाईट बिल आधी डोळ्यांसमोरून हलवा.' या वाक्यात पाच लाईटी आहेत. ऐकणाऱ्या सहा माणसांपैकी एकाचाही गोंधळ झाला नाही. बिल हललं आणि चहा आला. भाषेकडून माणसाला याहून जास्त काय हवं असतं?

आणि परका परका म्हणून ज्याच्या नावाने बोटं मोडायची, तो कितपत परका आहे? इंग्रजीत मुळात हे दोन शब्द आहेत. वापरात घासून घासून त्यांचं स्पेलिंग एक झालं. उजेडाचा लाईट ज्या आदिम धातूपासून आला, त्याच घराण्यातला संस्कृतातला धातू म्हणजे 'रुच्', चमकणे. म्हणजे आमटी रुचकर झाली असं आपण म्हणतो तेव्हा लाईटचीच चुलत बहीण ताटात असते. वजनाला हलका तो दुसरा लाईट. तो आपल्या 'लघु'चा सख्खा भाऊ. त्यात गंमत अशी की आपला 'हलका' हाही लघुचाच वंशज. प्राकृतात 'लघुक'चा 'लहुअ' झाला, मग कुणाची तरी जीभ अडखळून अक्षरं उलटली आणि 'हलुअ' झाला. त्याचे हळू आणि हलका. तेव्हा 'लाईट चहा' म्हणणारा माणूस धर्मभ्रष्ट होत नसून, दूरच्या नातेवाईकाला घरी जेवायला बोलावत असतो. हे मी सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, 'नातं असलं म्हणून काय झालं? नातेवाईकच जास्त बळकावतात.' सरांच्या भावकीत जमिनीचा दावा चालू आहे, त्यामुळे मी पुढे बोललो नाही.

शब्द आपला झाला की नाही, याची आमच्याकडे एक पक्की कसोटी आहे. त्याला लिंग मिळालं का ते बघायचं. पुण्यामुंबईकडे बरेच लोक 'लाईट गेले' म्हणतात. त्यांच्या डोळ्यांसमोर दिवे असतात; चार खोल्यांतले चार दिवे विझले, म्हणून अनेकवचन. सातारा-सांगलीकडे 'लाईट गेली'. आम्हाला दिवे दिसत नाहीत, आम्हाला वीज दिसते, आणि वीज ही बाई आहे. ती येते, जाते, रुसते, डिम होते, मध्येच फुल्ल होऊन टीव्ही उडवते. सांगलीच्या पलीकडे कर्नाटकात शिरलात की लाईट जातच नाही, तिथे करंट जातो. एका अंधाराला तीन व्याकरणं! हे बाहेरून लादलेल्या शब्दाचं लक्षण नव्हे.

परक्या शब्दाला प्रतिशब्द करूच नये, असं माझं म्हणणं नाही. सावरकरांनी 'महापौर' दिला, 'दिनांक' दिला. ते लोकांच्या तोंडी बसले, कारण ते तोंडात मावतात. माझं भांडण वेगळंच आहे, आणि आता त्यावर येतो. विजेच्या बाबतीत सामान्य माणसाला जे जे फसवलं गेलं, ते लाईट या इंग्रजी शब्दाने नाही. ते शुद्ध, संस्कृतप्रचुर, ऱ्हस्वदीर्घ सांभाळलेल्या मराठीने.

'भारनियमन' हा शब्द घ्या. या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत ज्याने ते भोगलंय, त्याला तो कानात बसलेला आहे. लोडशेडिंग हा इंग्रजी शब्द निदान प्रामाणिक. भार झटकून टाकतोय म्हणतो. भारनियमन म्हटलं की वाटतं, कुणी योगी पुरुष पहाटे उठून श्वासाचं नियमन करतोय. दिवसाचे बारा-बारा तास ज्याच्या विहिरीवरची मोटर मुकी असायची, त्याला सांगायचं काय, तर तुझं नियमन चाललंय! आमच्या पेठेत मात्र भारनियमन कधीच झालं नाही. आमच्याकडे नुसती लाईट जायची.

किंवा बिल घ्या. त्यावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन आकार असे आकारामागून आकार असतात. चार आकारांतला एकही कुणाला दिसत नाही. बेरीज मात्र साकार होते. सरांच्या दृष्टीने हे बिल म्हणजे आदर्श मराठी. मी त्यांना 'समायोजन' म्हणजे काय ते सांगा म्हटलं, तर त्यांनी विग्रह करून दाखवला. अर्थ विचारला, तर चष्मा पुसत बसले.

२००५ साली विद्युत मंडळाच्या वाटण्या झाल्या. एक सूत्रधार कंपनी, आणि खाली महानिर्मिती, महापारेषण, महावितरण. नावं ऐकून छाती भरून येते; मराठी राजभाषेला इतका मान दुसऱ्या कुठल्या वाटणीत मिळाला नसेल. पण वीस वर्षं झाली तरी आमच्याकडे वायरमन येतो तो 'बोर्डाचा माणूस' म्हणूनच.

यांतला सर्वांत थोर शब्द म्हणजे 'विद्युतीकरण'. १९९७ सालच्या ऑक्टोबरपर्यंत सरकारी व्याख्या अशी होती, की गावाच्या महसुली हद्दीत कुठल्याही कामासाठी वीज वापरली जात असेल, तर ते गाव विद्युतीकृत. म्हणजे शिवेवर एका बागाईतदाराची एक मोटर चालली की बाकीच्या गावाने चिमणीच्या उजेडात बसून पेढे वाटायचे. पुढे २००४ साली व्याख्या कडक केली. वस्तीत ट्रान्सफॉर्मर आणि तारा हव्यात, शाळा-पंचायत अशा सार्वजनिक जागी वीज हवी, आणि निदान १० टक्के घरांत ती पोहोचलेली हवी. शंभर उंबऱ्यांच्या गावात दहा घरांत लाईट आणि नव्वद घरांत अंधार असेल, तरी कागदावर गाव झगमगलेलं. मग २८ एप्रिल २०१८ ला मणिपूरमधलं लैसांग हे गाव जोडलं गेलं आणि देशातल्या प्रत्येक गावात वीज पोहोचल्याचं जाहीर झालं. पुढे घरोघर जोडण्या द्यायची मोहीमही झाली, ते नाकारत नाही. पण व्याकरणाचा विद्यार्थी म्हणून मला कौतुक वाटतं ते त्या 'प्रत्येक'चं. असली व्याख्या आमच्या आबांना करता येणार नाही. त्यांच्याकडे एकच शब्द आहे, आणि तो एक तर असतो नाहीतर नसतो.

आबा म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. वाळवा तालुक्यात कृष्णाकाठी आमची वडिलार्जित शेती आहे. मी साताऱ्यात राहून तिचं कौतुक करतो आणि आबा तिथे राहून ती करतात. त्यांच्या बोलण्यात दोन लाईटी असतात. 'घरातली लाईट' आणि 'मोटरची लाईट'. घरातली ती सिंगल फेज. तिच्यावर टीव्ही चालतो, मोबाईल चार्ज होतो, पाहुण्याच्या डोक्यावर पंखा फिरतो. मोटरची लाईट म्हणजे थ्री फेज. तीन तारांत तिन्ही फेज आल्याशिवाय साडेसातची मोटर पाणी उचलत नाही. दोन फेजवर चालवायला गेलं तर ती गुणगुणते आणि जळते. खाली कृष्णा वाहतेय, वर ऊस वाळतोय आणि मध्ये एक फेज नाही, ही काय चीज आहे ते विद्युत्प्रवाह म्हणून कळणार नाही. गावात लाईट आहे हे विधान त्या वेळी शंभर टक्के खरं असतं. आबा ओट्यावर लख्ख उजेडात बसून सांगतात, 'लाईट न्हाई.' शहरातला माणूस वर बल्बकडे बघतो आणि त्याला वाटतं, म्हाताऱ्याला दिसत नाही.

ही मोटरची लाईट पाळीने येते. एक आठवडा दिवसाची पाळी, दुसरा आठवडा रात्रीची, आणि पाळी आठ-आठ तासांची. कारखान्यात रातपाळी असते तशी उसाला रातपाळी असते. गेल्या थंडीत मी चार दिवस गावी होतो. रात्री साडेबाराला कुणीतरी ओरडलं, 'आबा, लाईट आली!' आणि सत्तरीला टेकलेला माणूस अंगावर घोंगडं घेऊन उठला.

'एवढ्या रात्री कुठं निघालात?' मी विचारलं.

'लाईट आली न्हवं का,' आबा म्हणाले, 'उसाला पाणी पाजायला नगो? ती बॅटरी द्या हिकडं. आन् तुम्ही झोपा गुमान.'

लाईट आली म्हणून माणूस बॅटरी घेऊन अंधारात निघाला. हे दृश्य मी पाहिलं आणि सरांच्या निवेदनावर सही करण्याची उरलीसुरली शक्यता संपली. मीही मागोमाग गेलो. सरीत गुडघाभर चिखल होता आणि थंडीने पाय सुन्न झाले होते. उसाची पानं गालाला कापतात. दारं धरून बसलेल्या माणसाला वर चांदण्या आणि खाली पाणी, एवढंच दिसतं. त्यात या पट्ट्यात उसात बिबट्या असतो. शिराळा, कराड, पाटण, आमचा वाळवा, सगळीकडे त्याची चांगली वस्ती झाली आहे. कित्येक पिल्लं आता उसातच जन्मतात. सापाचं तर विचारायलाच नको. (शेजारचं बत्तीस शिराळा नागपंचमीसाठी प्रसिद्ध, त्या नावातल्या बत्तीचा लाईटशी काही संबंध नाही, तो आकडा आहे.) आबा मध्येच थांबून बॅटरीचा झोत सरीत फिरवायचे आणि पुढे जायचे. मी विचारलं, 'भीती वाटत नाही?' ते म्हणाले, 'वाटती की. पर ऊस माझा हाय आन् येळ त्यांची.'

आता या वाक्यातल्या 'वेळे'ला कुणी प्रतिशब्द काढलाय? त्याच्यावर सह्या गोळा करा, मी पहिली करतो.

दिवसा थ्री फेज का देता येत नाही, याची कारणं मला ठाऊक आहेत. दिवसा कारखाने चालतात, ऑफिसांतले एसी चालतात. रात्री मागणी पडते तेव्हा वीज मोकळी असते आणि ती शेतीकडे ढकलायची. हिशेब बिनचूक आहे. फक्त त्या हिशेबात शहर झोपतं ती रात्र आणि शेतकरी जागतो ती सोय. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत झाली. 'अश्वशक्ती' हाही फार सुंदर शब्द आहे. मोफत झाली याचा आबांना आनंदच आहे. पण रात्री साडेबाराला फुकट मिळणाऱ्या वस्तूला बाजारात काय म्हणतात, असं त्यांनी मला विचारलं. मी मराठीचा एवढा अभिमानी असून मला शब्द सुचला नाही.

यात जीवाला लागतं ते असं, की लाईटचं माहेर आमच्याच जिल्ह्यात आहे. कोयनेचं धरण पाटण तालुक्यात. १९५४ ला काम सुरू झालं आणि साठीच्या दशकात वीज वाहू लागली. महाराष्ट्राची भाग्यलक्ष्मी असं तिचं नाव पडलं. शिवसागर जलाशयात १०५ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं साडेसदुसष्ट टीएमसी पश्चिमेला नेऊन वीज करायची मुभा आहे. सह्याद्रीच्या पोटातून बोगदे काढून ते पाणी कोकणात पोफळी-अलोऱ्याकडे सोडलंय. सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॅट. चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ ला तलावाच्या तळाला भोक पाडून लेक टॅपिंग केलं, ते सगळ्या महाराष्ट्राने कौतुकाने ऐकलं. लाईट तयार होते ती अशी, आमच्या डोंगरावरून उडी मारून. पूर्वेला आमच्याकडे राहिलं काय? ज्यांची गावं तळाशी गेली ते लोक सोलापूर, रायगड, ठाणे, सांगलीकडे पांगले आणि त्यांची तिसरी पिढी अजून पुनर्वसनासाठी धरणं धरते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला आणि पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. भाग्यलक्ष्मी म्हणताना हे सगळं एका दमात म्हणता येत नाही, म्हणून ते वगळलं जातं.

कराडजवळच्या टेंभूला सुधारककर्ते आगरकर जन्मले. त्याच टेंभूवरून आता कृष्णेचं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवून दुष्काळी माणदेशाकडे नेतात. ताकारी आणि म्हैसाळ या तिच्या बहिणी. या योजना म्हणजे पाण्याच्या असतात त्याहून जास्त लाईटच्या असतात. बिल थकलं की पंप थांबतात आणि आटपाडी-जतच्या माणसाला कळतं की आपलं पाणी नदीत नव्हतं, तारेत होतं. तिकडे कुणी पाऊस कधी पडणार असं विचारत नाही, लाईट कधी जोडणार असं विचारतो. आणि सर म्हणतात, शब्द दरिद्री आहे!

हे सगळं मी त्यांना चौथ्या चहाच्या वेळी ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, '५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं, तेव्हा लाईट होती का? नाटक झालंच ना?' मी म्हटलं, झालं, आणि लाईट गेली म्हणून प्रयोग थांबला नाही असं मराठीतलं ते शेवटचं नाटक असावं. यावर ते प्रथमच हसले. पण निवेदन घडी करून खिशात ठेवलं, फाडलं नाही.

आता आबांच्या शिवाराजवळ सौर वाहिनी येणार आहे म्हणतात. ज्या फीडरवर ती आली, तिथे दिवसाची थ्री फेज मिळायला लागलीय, हे खरं आहे. आबा रोज सकाळी फोन करून विचारतात, 'ती सोलरची लाईट कवा येनार, काय कळलं का?' सोलर म्हणजेच सौर आणि लाईट म्हणजेच प्रकाश, तेव्हा सूर्यप्रकाश कधी येणार असाच त्या प्रश्नाचा शुद्ध मराठी अर्थ होतो. मी चौकशी करतोय. सरांनी तेवढ्यात घरी इन्व्हर्टर बसवलाय आणि त्याला 'प्रत्यावर्तक' म्हणावं अशी पुरवणी निवेदनाला जोडली आहे. आबांना ते कळवलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, की त्याच्यावर साडेसातची मोटर चालंल का?